आकु

सुरवसे बाईंनी भिंत दाखवली:
बत्तीस फूट लांब, खालचे तीन फूट तेलकट,
पोरांनी डोकी टेकून टेकून काळे केलेले.
"इथं निसर्ग पाहिजे," म्हणाल्या,
"आणि पोरांना हात लावता आला पाहिजे."
बजेट विचारलं
तर चहा मागवला.

मी हो म्हटलं. पण माझा निसर्ग
चौकटींच्या कागदावरचा.
अठ्ठावीस वर्षं चादरींची डिझाइनं काढली.
मोर एकशेवीस घरं रुंद,
मान वळवायची तीसुद्धा पायरी पायरीनं,
जेकार्डला गोल कळत नाही.
कारखाना बंद पडला तेव्हा
भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं
किलोवर गेली, मोरासकट.

म्हणून भिंतीवर पहिला गोल काढताना
हात थरथरला, खोटं कशाला बोलू.

मग जमत गेलं.
नान्नजच्या माळाचं गवत, गवतात काळवीट,
दोरी ओढली की मान वर करतो.
सायकलच्या जुन्या चाकावर सूर्य,
फिरवला की बाभळीची सावली
लांब होते, आखडते, पुन्हा लांब.
उंची मोजायला ज्वारीचं ताट:
पाचव्या पेराला लागला तो चौथीतला.
आणि झाडांना प्लायवूडची पानं, बिजागरीवर,
उचललं की खाली नाव.
बिजागऱ्या जुन्या बाजारातल्या. कुरकुरतात.
पोरांना वाटतं, झाड बोलतंय.

दुसरीतली भूदेवी बोल्ली
दोरी ओढेना, चाक फिरवेना.
पानांपुढं उभी, ओठ हलतायत.
"काय बघलालीस गं?"
"मोजलालोय सर.
ह्यातनं दोन निघतेत. ह्यातनं तीन.
हे किडकं हाय, एकच."
चिंचेपाशी थांबली, मान हलवली.
"ह्यातनं कायच नाय."

विडी घरकुलातली पोर.
जंगल तिच्या घरी पोत्यातनं येतं,
ओल्या फडक्यात रात्रभर निजतं,
सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून
आई त्याचे चौकोन कापते.
"मी तोंडं मिटवते," म्हणाली, "आई हजार करते."
आणि बोटांनी हवेतच
एक तोंड मिटवून दाखवलं.

मी ब्रश पाण्यात घातला. तेलाचा रंग होता.

तिला काय सांगणार होतो?
माझा मोरही चौकोनाचाच होता.

"कापून उरतं त्याचं काय करता?"
"बंबात. पाणी तापतं."

त्या रात्री एक मोठं पान कापलं, प्लायचंच.
मधोमध चौकोन, सरळ, फर्म्यातनं निघावा तसा.
भोवतीची कातरणं सात:
टोक, देठ, दोन्ही गालांच्या फाकी,
एक तर नखाएवढी.
शिरा मात्र अखंड काढल्या,
चौकोनातून कातरणात जाणाऱ्या.
मागे लोहचुंबक, भिंतीवर पत्रा,
झाडाची सगळ्यात खालची फांदी.

सकाळी तिनं चौकोन आधी लावला.
मग कातरणं, एकेक, शिरेला शीर लावून.
मागं रांग लागली, ढकलाढकली झाली,
रेहानानं देठ उलटा लावला, भांडण झालं.
शेवटी पान पुरं झालं,
गोलसर, डाव्या अंगाला जरा फताडं.

मी मुद्दाम विचारलं, "आता किती निघतील?"
तिनं बराच वेळ पाहिलं. ओठ हलले नाहीत.
"एकपण नाय," म्हणाली,
"आता जोडलंय की."

खाली नाव लिहायचं राहिलं होतं.
मी लिहिलं: पान.
तिनं खडू घेतला आणि शेजारी
तिरक्या मराठी अक्षरात लिहिलं: आकु.
कन्नड शब्द कुणीतरी
पुढच्या आठवड्यात आणणार आहे,
अजून आणलेला नाही.

नखाएवढं कातरण
दर दोन-चार दिवसांनी हरवतं.
सुरवसे बाई चिडतात.
मी नवं कापून नेतो, खिशातून,
आणि कुणी नेलं
ते विचारत नाही.